नेट आहे, पण टीव्हीवर चालत नाही

वायफाय नीट चालत नाही अशी तक्रार घरात सुरू झाली की बहुतेक जण पहिला उपाय म्हणून वरचा प्लॅन घेतात. ५० एमबीपीएसचे १०० होतात, १०० चे २०० होतात, महिन्याचे बिल वाढते आणि टीव्हीवरचे गोल चक्र मात्र पूर्वीइतक्याच निवांतपणे फिरत राहते. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, आणि नातेवाइकांच्या घरी हा प्रकार मी वारंवार पाहत आले आहे, म्हणून या विषयावर एकदा सविस्तर लिहायचे ठरवले. प्लॅनवर छापलेला वेग हा फायबरची तार घरात जिथे शिरते त्या पेटीपर्यंतचा असतो. तिथून टीव्हीच्या पाठीमागे लावलेल्या, नेटवरचे चित्र टीव्हीवर दाखवणाऱ्या बोटभर स्टिकपर्यंतचा प्रवास आपल्या भिंतींवर, दारांवर आणि कोणती वस्तू आपण कुठे ठेवली आहे यावर अवलंबून असतो, आणि बिघाड बहुतेक वेळा याच टप्प्यात सापडतो.

मुळात लागणारा वेग फार नसतो. नेटफ्लिक्स आपल्या ग्राहकांना जे आकडे सांगते त्यानुसार साध्या एचडी चित्राला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि फोर-के चित्राला १५ एमबीपीएस पुरतात. म्हणजे ५० च्या प्लॅनवर तीन खोल्यांतले तीन टीव्ही फोर-के चित्र दाखवू शकतील, असा हिशेब कागदावर तरी बसतो. प्रत्यक्षात अडते ते वेगाच्या सातत्यापाशी: दहा सेकंद ४० एमबीपीएस आणि पुढची पंधरा सेकंद शून्य, असा प्रवाह स्पीड टेस्टमध्ये छान दिसू शकतो आणि मालिका मात्र बघू देत नाही.

हे का घडते ते समजण्यासाठी स्टिकचे काम कसे चालते हे थोडे पाहायला हवे. चित्रफीत सलग ओढली जात नाही. ती काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेली असते आणि प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार असतो. स्टिकमधले ॲप पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवते, आधीचे तुकडे यायला किती वेळ लागला हे पाहते आणि त्यावरून पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवते. त्यामुळे चित्र कसे बिघडते याकडे नीट लक्ष दिले तर कारणाचा अर्धा माग तिथेच लागतो. चित्र आधी पुसट होऊन मग थांबत असेल, तर जोडणी टिकून आहे पण अशक्त आहे. चित्र अगदी स्वच्छ असताना एकाएकी थांबून ‘नेटवर्क उपलब्ध नाही’ असा संदेश येत असेल, तर जोडणी मधूनच तुटते आहे. एकच ॲप अडत असेल आणि बाकीची सुरळीत चालत असतील, तर वायफायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्या ॲपचा साठलेला कॅशे पुसावा, ते काढून पुन्हा घालावे आणि तरीही अडले तर राउटरमध्ये डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा) पत्ता बदलून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असा करून पाहावा. आमच्या सासूबाईंना यातल्या एकाही शब्दाशी देणेघेणे नाही, पण “आधी माणसांचे चेहरे पुसट होतात गं, आणि मग थांबते,” हे त्यांचे वाक्य ‘नेट गेले’ या सर्वसाधारण तक्रारीपेक्षा कितीतरी उपयोगाचे असते.

लक्षण कळल्यावर करायची पहिली चाचणी फुकटातली आहे. मोबाइलवर हॉटस्पॉट सुरू करावा, तो टीव्हीजवळ ठेवावा आणि स्टिक घरच्या वायफायऐवजी त्याला जोडावी. फुल एचडी चित्राला ५ एमबीपीएसच्या हिशेबाने तासाला सव्वादोन जीबी डेटा जातो, तेव्हा अर्ध्या तासाची चाचणी पुरेशी आहे. मात्र टीव्हीजवळ मोबाइलची रेंज चांगली असायला हवी. हॉटस्पॉटवर मालिका न अडखळता चालली, तर स्टिक, तिचे ॲप आणि पलीकडची सेवा ही तिन्ही ठीक आहेत आणि दोष घरच्या जोडणीत आहे. रेंज चांगली असूनही हॉटस्पॉटवर तशीच अडखळली, तर स्टिककडे वळावे: तिची साठवणीची जागा भरलेली आहे का, सॉफ्टवेअरचे अपडेट थकलेले आहे का, ती हात लावता येणार नाही इतकी तापते का, आणि तिला पुरेशी वीज मिळते का.

या शेवटच्या प्रश्नाला मी जास्त महत्त्व देते, कारण तो कोणाच्या लक्षात येत नाही. स्टिकसोबत मिळणारा अॅडॅप्टर सहसा ५ व्होल्ट आणि १ अँपिअरचा असतो. घरात प्लग कमी असल्यामुळे किंवा तार लोंबू नये म्हणून अनेक जण तो अॅडॅप्टर खोक्यातच ठेवतात आणि स्टिकची तार टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमध्ये खोचतात. जुन्या पद्धतीच्या यूएसबी पोर्टला जेमतेम अर्धा अँपिअर देण्याचे बंधन असते. साधे मेनू बघताना स्टिक त्यावर भागवते, पण चित्र उलगडणे आणि वायफाय ही दोन्ही कामे एकदम अंगावर आली की ती वायफाय सोडते किंवा थेट नव्याने सुरू होते. बघणाऱ्याला वाटते नेट गेले.

दुसरी चाचणी फोनवर करायची. टीव्हीजवळ उभे राहून घरच्या वायफायवरून राउटरला पिंग करावे, म्हणजे छोटी हाक पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहावे. त्यासाठी मोफत ॲप मिळतात, आणि राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. उत्तर सातत्याने पाच-दहा मिलिसेकंदांत येत असेल तर हवेतला टप्पा ठीक आहे. उत्तर कधी चार मिलिसेकंदांत, कधी सहाशेमध्ये आणि कधी येतच नाही असे दिसले, तर दोष टीव्ही आणि राउटर यांच्या मधल्या जागेत आहे, आणि पुरवठादाराला फोन करून काहीही साधणार नाही. राउटरचे उत्तर झटपट येते पण बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याचे रखडते, असे असेल तरच बाहेरच्या तारेवर संशय घ्यावा. अशा वेळी मी आधी फायबरची तार डोळ्यांखालून घालते, कारण ती खिळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली किंवा खिडकीच्या चौकटीत दाबलेली असते आणि अशा तीव्र वळणावर आतला प्रकाश बाहेर निसटतो. पेटीवर एलओएस नावाचा तांबडा दिवा लागला असेल तर प्रकाश पोहोचतच नाही. दिवा लागलेला नसला, तरी दुरुस्तीला आलेल्या माणसाला पॉवर मीटरवर प्रकाशाचे माप किती येते ते विचारावे. ते −२७ डीबीएमच्या खाली (म्हणजे −२८, −३० असे) गेले असेल तर तार किंवा जोड दुरुस्त करणे हे त्याचे काम आहे. आमच्या पुरवठादाराचा माणूस एरवी ‘आमच्या बाजूने सगळे ओके आहे’ म्हणून दारातूनच परत जातो, पण हा आकडा विचारला की तो पायरी चढून आत येतो.

आता भिंतींविषयी, कारण आमच्याकडच्या घरांत खरी गोष्ट तिथे आहे.

गोव्यातली जुनी घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची असतात. आमच्या घराच्या जुन्या बाजूची भिंत हातभर जाड आहे. समोर वसरी (ओसरी), आत मधोमध राजांगण (चौक), त्याच्या चारही बाजूंना खोल्या, अशी रचना. तार घरात घेणारा माणूस भोक पाडण्याचे कष्ट वाचवण्यासाठी ती वसरीतच, मीटरच्या फळीशेजारी आणून सोडतो, आणि टीव्ही असतो राजांगणाच्या पलीकडच्या मोठ्या खोलीत. म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ रेषा काढली तर ती दोन चिऱ्यांच्या भिंती ओलांडते, आणि बहुधा तिरकी ओलांडते. तिरप्या रेषेत भिंतीची जाडी आणखी वाढते हे लक्षात घ्यावे. राउटर दोन हात सरकवल्याने कधीकधी मोठा फरक पडतो तो यामुळेच.

चिऱ्यात लोखंड असते म्हणून रेंज अडते, असे आमच्याकडे सर्रास सांगितले जाते. चिऱ्यात लोह असते हे खरे, पण ते ऑक्साइडच्या रूपात असते. पत्र्यासारखी लहर परतवून लावणारी धातूची सलग पाठ तिथे नसते. लहर अडते ती मुख्यतः भिंतीच्या जाडीमुळे आणि ओलाव्यामुळे. चिरा सच्छिद्र असतो आणि पावसाचे पाणी धरून ठेवतो, आणि वायफायच्या लहरी पाणी चांगल्याच शोषते. जूनमध्ये पश्चिमेची भिंत एकदा भिजली की ती लवकर सुकत नाही. त्यात पावसाची झड आत येऊ नये म्हणून राजांगणाकडची दारे लावून घेतली जातात. उन्हाळ्यात या उघड्या दारांतून वळसा घालून जो सिग्नल टीव्हीपर्यंत पोहोचत होता, त्याचीही वाट बंद होते. ‘पावसात नेट खराब चालते’ या तक्रारीतला काही भाग विजेचा आणि खांबांवरच्या तारांचा असतो, पण काही भाग नक्की या लाकडी दारांचा असतो, हे मी सिग्नल मोजून पाहिले आहे.

मोजणे अवघड नाही. अँड्रॉइडच्या फोनवर वायफाय ॲनालायझरसारखे ॲप घातले की सिग्नल डीबीएम या मापात दिसतो. हा आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार. दर ३ ने घट म्हणजे ताकद निम्मी आणि दर १० ने घट म्हणजे एकदशांश, हे एवढे गणित लक्षात ठेवले तरी पुरते. चित्रफितीसाठी साधारण −६७ च्या वर असावे असा संकेत आहे. −७० च्या खाली अडखळणे सुरू होते आणि −८० च्या आसपास नाव दिसत राहते पण काम होत नाही. आमच्या वसरीत राउटरजवळ −४०, पहिली भिंत ओलांडल्यावर −५८ आणि टीव्हीजवळ, राजांगणाचे दार लावलेले असताना, −७६ असे आकडे येत होते. दार उघडले की तोच आकडा −६९ वर यायचा. अँड्रॉइड ९ पासून कोणत्याही ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा आसपासची वायफाय धुंडाळता येतात, त्यामुळे घरभर धावत धावत मोजू नये. एका जागी उभे राहून आकडा स्थिरावू द्यावा. फायर टीव्हीच्या स्टिकवर सेटिंग्जमध्ये नेटवर्क उघडून, जोडलेल्या वायफायच्या नावावर थांबून प्ले-पॉजचे बटण दाबले, तर सिग्नलचा दर्जा तिथेच कळतो. हे जास्त खरे, कारण फोनचा अँटेना स्टिकच्या अँटेनापेक्षा चांगला असतो आणि फोन मोकळ्या हवेत, आपल्या हातात असतो.

स्टिकची जागा तशी नसते. आमची स्टिक टीव्हीच्या पाठीमागे अशा ठिकाणी बसली होती की एका अंगाला टीव्हीची धातूची पाठ, दुसऱ्या अंगाला भिंतीवरची लोखंडी पट्टी, आणि मध्ये दोन बोटांची फट. राउटर बरोबर विरुद्ध दिशेला होता, म्हणजे येणाऱ्या लहरीला आधी टीव्हीचाच अडसर. स्टिकच्या खोक्यात वीतभराहूनही आखूड अशी एचडीएमआयची एक तार असते. ती निरुपयोगी समजून लोक खोक्यातच राहू देतात. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेला, धातूच्या सावलीतून बाहेर आणली की सिग्नल सुधारतो आणि स्टिक कमी तापते. मला विचाराल तर दुसरा कोणताही खर्च करण्याआधी हे करावे. टीव्ही चिऱ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसवला असेल, तर ही तार आणखी लांब घ्यावी लागते.

त्याच पाठीमागे आणखी एक छुपा उपद्रव होता. सासऱ्यांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या मैफलींच्या चित्रफितींची एक हार्डडिस्क टीव्हीच्या निळ्या यूएसबी पोर्टला कायमची जोडलेली असे. यूएसबी ३ च्या तारा आणि उपकरणे चालू असताना वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यांपैकी नेमक्या २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलने २०१२ साली यावर एक तांत्रिक टिपणच प्रसिद्ध केले आहे. डिस्क स्टिकपासून दूर, लांब आणि चांगल्या आवरणाच्या तारेने जोडली की हा त्रास मिटतो. मायक्रोवेव्ह ओव्हनचाही उपद्रव याच पट्ट्यात असतो, पण तो चालू असेपर्यंतच टिकतो आणि आमच्याकडे स्वयंपाकघर टीव्हीपासून पुष्कळ लांब आहे, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

२.४ की ५ गिगाहर्ट्झ, या प्रश्नावर सगळीकडे एकच सल्ला वाचायला मिळतो: टीव्हीसाठी ५ वापरा. हा सल्ला शहरातल्या फ्लॅटसाठी बरोबर आहे. पणजी, मडगाव किंवा फोंडा शहरातल्या एखाद्या इमारतीत फोन उघडला तर वीसेक शेजाऱ्यांची वायफाय दिसतात, २.४ चा पट्टा खच्चून भरलेला असतो, आणि मधल्या भिंती चार इंची असतात. तिथे ५ गिगाहर्ट्झच घ्यावे. वाड्यावरच्या सुट्या घरात परिस्थिती उलट असते. शेजारचे घर माडांच्या पलीकडे, त्यामुळे २.४ चा पट्टा मोकळा. आणि भिंत हातभर जाड, जिच्यातून पलीकडे जाताना ५ गिगाहर्ट्झची लहर २.४ पेक्षा लवकर दमते. अशा घरात स्टिक २.४ वर ठेवणेच शहाणपणाचे, कारण स्टिकला लागणारे ५ ते १५ एमबीपीएस चांगल्या सिग्नलवर हा पट्टा सहज देतो.

अडचण अशी की हल्लीचे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणत्या उपकरणाने कुठे जायचे हे परस्पर ठरवतात. सीमेवरच्या खोलीत असलेली स्टिक मग दार उघडे असताना ५ वर जाते, कोणीतरी दार लोटले की तुटते, २.४ वर येते, थोड्या वेळाने पुन्हा ५ चा मोह होतो, आणि प्रत्येक उडीला चित्र थांबते. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, स्टिकला एकच नाव शिकवावे आणि दुसरे विसरायला लावावे. नवीन राउटरवर सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ असा ठेवला असेल तर जुनी स्टिक जोडलीच जात नाही. तिथे डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडावा.

चॅनेलचेही, म्हणजे पट्ट्याच्या आतल्या वाटांचेही, थोडक्यात सांगते. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यांतला जो मोकळा असेल तो घ्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी, ४० करू नये. आपल्याकडे १२ आणि १३ हे चॅनेलही चालतात, पण अमेरिकेसाठी बनवलेल्या स्टिकला ते दिसतच नाहीत, आणि परदेशातून कोणी भेट म्हणून आणलेली स्टिक गोव्यात घरोघरी असते. राउटर आपोआप १३ वर गेला की ती स्टिक बिचारी वायफाय सापडत नाही म्हणते आणि घरातले सगळे फोन मात्र व्यवस्थित चालतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत: रडारसारखे काही जाणवले की राउटर चॅनेल सोडतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचे असेल तर आधी किमान एक मिनिट कान देऊन बसतो. टीव्हीसाठी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलाच चॅनेल पक्का करून टाकावा.

वीज जाण्यायेण्याचा वेगळाच खेळ आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. ती परत आली की स्टिक मिनिटाभरात जागी होते, पण फायबरची पेटी आणि राउटर यांना पूर्ण सुरू व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. कधीकधी वायफायचे नाव आधी उमटते आणि पत्ते वाटण्याचे काम नंतर सुरू होते. मधल्या वेळात जोडली गेलेली स्टिक पत्ता न मिळाल्यामुळे ‘जोडले आहे, पण इंटरनेट नाही’ असे सांगत बसते. तिथे पासवर्ड पुन्हा घालून काही होत नाही. पेटीवरचे दिवे स्थिर होऊ द्यावेत आणि मग फक्त स्टिकचा प्लग काढून घालावा. सासूबाईंना मी एवढेच सांगून ठेवले आहे, “वसरीतला हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मगच टीव्ही लावा,” आणि तेव्हापासून पावसाळ्यात माझे नाव पुकारण्याचे प्रमाण पुष्कळ घटले आहे. यापेक्षा चांगला उपाय म्हणजे राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस. पेटीच्या अॅडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून तो घ्यावा. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असतात, पण सगळ्या नसतात. फायबर थेट केंद्रापर्यंत जात असेल तर वाटेतल्या खांबावर वीज लागत नाही, म्हणून पूर्ण वाडा अंधारात असतानाही नेट चालू राहू शकते. खांबावर विजेवर चालणारा स्विच बसवलेला असेल तर मात्र आपल्या यूपीएसचा उपयोग लाइट आल्यानंतरच्या सुरळीतपणापुरताच.

चवथीला, म्हणजे गणपतीत, घर भरते तेव्हाची तक्रार या कशातच बसत नाही. मुंबई-पुण्याची मंडळी आलेली, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताचे) फोटो व आरतीचे व्हिडिओ एकाच वेळी वर चढू लागलेले. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. अंगणाच्या टोकाला क्षीण सिग्नलवर असलेला फोन हळूहळू बोलतो आणि तेवढा वेळ टीव्हीला गप्प बसावे लागते. शिवाय वर जाणारा मार्ग तुंबला की खाली येणाऱ्या तुकड्यांची मागणी आणि पोच यांनाही उशीर होतो, म्हणून उतरण्याचा वेग भरपूर असूनही चित्र थांबते. त्या दिवसांत पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करून त्याच्या वेगाला मर्यादा घालणे, किंवा राउटरमध्ये क्यूओएसची सोय असेल तर टीव्हीला अग्रक्रम देणे, हे दोनच उपाय मला पटले आहेत. पाहुण्यांना फोटो रात्री पाठवा असे सांगण्याचा तिसरा उपाय घरात शांतता हवी असल्यास करू नये.

एवढे करूनही टीव्हीजवळचा आकडा −७० च्या वर येत नसेल, तर सिग्नल आत आणण्याला पर्याय नाही. सगळ्यात आधी राउटर हलवता येतो का ते पाहावे: वसरीतून राजांगणाच्या कडेला, लोखंडी कपाटापासून आणि फ्रिजपासून दूर, डोक्याच्या उंचीवर. फायबरची तार वाढवून मिळते. बाजारात सर्वांत जास्त खपणारा रिपीटर मला फारसा आवडत नाही, कारण एकाच रेडिओचा रिपीटर आलेले शब्द त्याच हवेतून पुन्हा म्हणतो, म्हणजे वेग साधारण निम्म्यावर येतो. आणि लोक तो टीव्हीशेजारी लावतात, जिथे त्याच्यापर्यंतच चांगला सिग्नल पोहोचत नाही. तो लावायचाच तर दोघांच्या मध्ये, जिथे −६० च्या आसपास मिळते तिथे लावावा. मेश संचातल्या, म्हणजे घरभर वाटून ठेवायच्या वायफायच्या पेट्यांनाही आपापसांत हवेतूनच बोलायचे असते, त्यामुळे चिऱ्याच्या भिंतीपुढे महागडा संचसुद्धा हतबल होतो, जोपर्यंत त्या पेट्या तारेने जोडल्या जात नाहीत.

म्हणून माझा कल तारेकडे आहे. कॅट ६ ची लॅनची तार १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते आणि आमच्याकडे कौलांखालच्या तुळयांवरून ती नेणे भिंत फोडण्यापेक्षा सोपे पडले. उंदरांपासून वाचवण्यासाठी ती पीव्हीसीच्या नळीतून न्यावी लागते, एवढेच. स्टिकसाठी तार जोडण्याचा छोटा अॅडॅप्टर मिळतो. तो बहुधा १०० एमबीपीएसपर्यंतच चालतो, पण स्टिकला त्याच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त लागत नाही. त्याहून बरे म्हणजे तारेच्या टोकाला एखादा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यासाठी, लावणे: त्याचा डीएचसीपी (पत्ते वाटण्याचे काम) बंद करावा, वायफायचे नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच ठेवावा आणि चॅनेल वेगळा द्यावा. आमच्या टीव्हीच्या खोलीत आता −४५ चा सिग्नल आहे आणि प्लॅन जुना, ५० चाच आहे.

तांब्याच्या तारेबाबत एक काळजी मात्र घ्यावी लागते. मुख्य घर आणि आवारातली वेगळी खोली यांच्यामध्ये ती उघड्यावरून, माडावरून ओढू नये. तिथे फायबरच घालावे, कारण जवळपास वीज पडली तर अशा तारेतून येणारा धक्का दोन्ही टोकांची उपकरणे जाळतो. ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट जवळ आला की राउटरचा आणि टीव्हीचा प्लग भिंतीतून उपसून काढावा, आणि त्यांना जोडलेली लांब लॅनची तारही सोडवून ठेवावी. नुसते बटण बंद करणे पुरत नाही, कारण भिंतीवरचे साधे बटण दोन तारांपैकी एकच तोडते आणि दुसरी जोडलेलीच राहते.